नदीचे काठ आणि माणसांच्या सीमा

कोल्हापूरहून बेळगावकडे जाणारा राजमार्ग कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडतो आणि प्रवासी महाराष्ट्रातून कर्नाटकात प्रवेश करतो. पाट्यांवरची लिपी बदलते. पण जमीन तीच काळी, ऊस तोच, आणि न्याहारीच्या फडक्यात बांधलेली भाकरीही तीच. पुढे कोगनोळीचा नाका लागतो, यमगर्णीजवळ वेदगंगा भेटते आणि निपाणी येते. तेथून स्तवनिधीचा घाट चढून संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडावी, आणि काकतीवरून बेळगावात उतरावे. वाट फार लांबची नाही. परंतु विचार करणाऱ्याला ती बरेच काही शिकवते.

या मुलखाला लोक सीमाभाग म्हणतात, आणि त्या शब्दामागे एक जुने दुःख आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मुंबई राज्यातील हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला. म्हैसूरचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. १९६६ साली महाजन आयोग नेमण्यात आला व पुढील वर्षी त्याचा अहवाल आला. तरी वाद मिटला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या काळात दोन पिढ्या वृद्ध झाल्या. घरात मराठी, बाजारात कानडी आणि कित्येक ख्रिस्ती कुटुंबांत कोकणी, अशा तीन भाषांत येथील माणूस आपला संसार चालवितो.

येथील नद्यांकडे मात्र पाहावे. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या तिन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि कोणत्याही नाक्यावर न थांबता पूर्वेकडे वाहत जातात. माणसाने नकाशावर ओढलेली रेघ त्या जाणत नाहीत; परंतु परमेश्वराने दिलेले काठ त्या पाळतात. काठ आहेत म्हणूनच पाणी पुढे जाते. ते नसते, तर नदी कोठेच न पोहोचता दलदल होऊन राहिली असती. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी काठ सोडून यमगर्णीजवळ राजमार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. एरवी ज्या पाण्याने शेते पोसली, तेच पाणी मर्यादेबाहेर येताच संकट झाले.

ईयोबाच्या ग्रंथात समुद्राला मर्यादा घालून देणारा परमेश्वर आपल्याला भेटतो. तोच परमेश्वर आपल्या आयुष्यालाही काठ देतो. त्याच्या आज्ञा हा एक काठ होय. आपल्या शक्तीची, बुद्धीची आणि आयुष्याची मर्यादा हा दुसरा. या दोहोंमधूनच आपल्या जीवनाचा प्रवाह त्याच्याकडे जावयाचा असतो.

निपाणीच्या परिसरातील शेतकऱ्याला हे निराळ्या रीतीने ठाऊक आहे. हा मुलूख विडीच्या तंबाखूचा. तंबाखूचे व्यसन घातक आहे, हे सांगावयास नकोच. पण त्या पिकाची मशागत पाहण्यासारखी असते. रोप फुलावर येऊ लागले की शेतकरी त्याचा शेंडा खुडतो व बगलेतील फुटवेही काढून टाकतो. उंच वाढण्याची रोपाची वाट तेथे बंद होते, आणि सारा जोम पानांत उतरतो. अडाण्याला ते रोपाचे नुकसान वाटेल. धन्याला मात्र आपण काय करीत आहोत हे ठाऊक असते. फळ देणाऱ्या फांदीलाही पिता छाटतो, असे प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सांगितले, ते याच अर्थाने.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक अडचण देवाने घातलेली मर्यादा नव्हे. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीचे शेतकरी राजमार्गावर ठाण मांडून बसले, आणि त्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. पाऊस लांबणे ही माणसाच्या हातची गोष्ट नव्हे. घामाचे मोल नाकारणे हा मात्र माणसाने केलेला अन्याय होय. अन्यायापुढे गप्प बसून त्याला 'देवाची इच्छा' म्हणणे म्हणजे देवाच्या नावावर खोटे बोलणे होय. आजाऱ्याला औषध द्यावे, हक्कासाठी सनदशीर मार्गाने झगडावे. आणि हे सारे करून झाल्यावर जे आपल्या हाती उरत नाही, ते पित्याच्या हाती सोपवावे. गेथशेमानी बागेत प्रभूने हेच केले. त्याने आपले दुःख लपविले नाही, पेला टळावा अशी विनंतीही केली, आणि मग पित्याच्या इच्छेला मान दिला.

बेळगावात पोहोचल्यावर संत पॉल हायस्कूल दिसते. येशूसंघीयांची ही शाळा १८५६ सालची. सीमावाद सुरू होण्याच्या तीन वर्षे अगोदर, १९५३ मध्ये, बेळगावचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याच्या उपासनेत आज अनेक भाषा एका वेदीभोवती जमतात. शाळेला ज्याचे नाव आहे, त्या संत पौलाच्या वाटेवरही बंद दारे होती. आशिया प्रांतात सुवार्ता सांगावी असे त्याच्या मनात होते. पवित्र आत्म्याने मना केले. बिथुनियाकडे वळला, तीही वाट बंद झाली. तो त्रोवसला आला. तेथे रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा एक माणूस त्याला साहाय्यासाठी बोलावताना दिसला. पौल समुद्र ओलांडून गेला आणि फिलिप्पै नगरात लुदियाच्या घराने बाप्तिस्मा घेतला. दोन वाटा अडविल्या गेल्या, त्या तिसरी दाखविण्यासाठी.

प्रिय वाचकहो, आपल्याही घरांत अशा अडलेल्या वाटा असतात. मुलाला हवी ती नोकरी मिळत नाही, लेकीचे ठरलेले लग्न मोडते, पाळणा रिकामा राहतो, म्हाताऱ्या बापाचे पाय अंथरुणाला खिळतात. अशा वेळी लगेच देवाला दोष देऊ नये आणि लगेच उत्तर मिळेल अशी अपेक्षाही धरू नये. पौलालाही त्रोवसला पोहोचेपर्यंत काही कळले नव्हते. तो केवळ चालत राहिला. पवित्र शास्त्र वाचावे, जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा, आणि संध्याकाळी रोझरी संपल्यावर घरातल्या सर्वांनी क्षणभर शांत राहून विचारावे, 'प्रभो, ही वाट तू बंद केलीस, तर आता कोणती दाखवितोस?'

नदीला आपला शेवट दिसत नाही. ती काठ धरून वाहते, आणि समुद्राला मिळते.