उणे चाळीस अंश

वैशाखात भंडाऱ्याचा पारा 45 अंशांकडे झुकलेला असताना आमच्या मोटारीचा संगणक मात्र इंजिनाचे तापमान उणे 40 अंश असल्याचे निश्चयाने सांगत होता. साकोलीहून भंडाऱ्याकडे जाताना इंजिनाचा दिवा लागला, पंखा थांबेना आणि पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला. आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. मोटारीच्या बाबतीत निव्वळ प्रवासी. महामार्गालगतच्या मिस्त्रीने स्कॅनर लावून कोड वाचला आणि निकाल दिला, "सर, सेन्सर गेला. नवा टाका लागते." नवा टाकला. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

मग भौतिकशास्त्राचे आमचे सहकारी मल्टिमीटर घेऊन आले. त्यांनी आधी आम्हांला तत्त्व समजावले. या सेन्सरच्या पोटातील पदार्थ तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. उष्णतेने रोध घटण्याचा हा गुण फॅरडेने 1833 मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. संगणक एका ठरावीक रोधातून 5 व्होल्ट पाठवतो आणि त्यांतले किती उरले यावरून तापमान ताडतो. तार तुटली तर सगळे 5 व्होल्ट जागीच राहतात. संगणक त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो आणि इंजिनाला जास्त पेट्रोल पाजतो.

काढून टाकलेला जुना सेन्सर आमच्याजवळ होताच. मीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन टोकांना काड्या लावल्या. सावलीत, 40 अंशांच्या सुमारास, साधारण 1200 ओहम. मग तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगला, शेजारी तापमापी ठेवली. पाणी तापत गेले तसा आकडा न अडखळता उतरत गेला. 80 अंशांना तो सव्वातीनशेच्या आसपास होता. सेन्सर निर्दोष होता. मग मोटारीतील जोडणी सोडवली, मीटर व्होल्टवर घेतला, इंजिन सुरू न करता किल्ली फिरवली. जिथे 5 व्होल्ट यायला हवे होते तिथे शून्य. तारेचा माग काढला, तर बॅटरीमागे ती उंदरांनी कुरतडलेली. धानाच्या पोत्यांशेजारी मोटार उभी करणाऱ्यांना हे आधीच सुचायला हवे होते.

सहकारी म्हणाले, "कोड दोषी कोण ते सांगत नाही, कोणत्या वाटेवर तक्रार आहे, एवढेच सांगतो. त्या वाटेवर सेन्सर असतो, तशीच तारही असते."

हे ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. महिन्यापूर्वीच एम.ए.च्या अंतर्गत मौखिक परीक्षेत लाखांदूरकडच्या एका विद्यार्थिनीसमोर आम्ही बसलो होतो. 'आत्मनिष्ठा', 'संवेदनस्वभाव', 'रूपबंध' अशा शब्दांत प्रश्न विचारले. ती गप्प राहिली. आम्ही शेरा लिहिला : 'विषयाची समज नाही.' शून्य आकडा दिसला आणि आम्ही सेन्सर बाद केला. तारेकडे, म्हणजे आमच्या प्रश्नांच्या भाषेकडे, पाहिलेच नाही. ज्या भागात डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकाने झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला, त्याच भागात आम्ही ही बोली अभ्यासक्रमातला एक घटक म्हणून शिकवतो आणि परीक्षेच्या खोलीबाहेर ठेवतो.

गुण अजून पाठवले नव्हते. आम्ही तिला पुन्हा बोलावले. या वेळी एवढेच विचारले, "या कवितेत बोलणारी बाई कोणाशी बोलते आहे, असं तुला वाटतं?" ती थोडी थांबली, "सर, सांगू का आमच्या बोलीत?" म्हणाली, आणि मग वीस मिनिटे बोलत राहिली. त्या बोलण्यात रूपबंध होता, फक्त तो शब्द नव्हता.

तार जोडून वर नळी चढवली, दिवा विझला. शेराही बदलला. जुना सेन्सर आम्ही विभागाच्या टेबलावर ठेवला आहे. मात्र त्याच टेबलाच्या खणात मागच्या पंधरा वर्षांच्या गुणतक्त्यांच्या प्रती आहेत, आणि त्यांतले किती शेरे केवळ तुटलेल्या तारेवरून लिहिले गेले, हे मोजणारा मीटर आता आमच्याजवळ नाही.