केस विंचरायला तीन मिनिटं

"तू तिकडे नक्की करतेस काय गं?" हा प्रश्न मला दर लग्नामुंजीत कोणी ना कोणी विचारतंच. 'समाजशास्त्र शिकवते' म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि जिलबीकडे वळतो. 'म्हाताऱ्या माणसांचं कोण करतं आणि त्याचे पैसे कोण देतं, यावर संशोधन करते' म्हटलं की हमखास उत्तर येतं, "त्यात संशोधन कसलं? घरचे करतात!"

आता निवृत्त झालेय, तर एकदाचं लिहूनच टाकते.

मी जर्मनीत पोचले १९९६ साली. आदल्याच वर्षी तिथे शुश्रूषेचा विमा सुरू झाला होता. आजारपणाचा नव्हे, ज्यांना अंघोळ, जेवण, उठबस यासाठी कायम दुसऱ्याचा हात लागतो त्यांच्यासाठीचा. पगारातून सक्तीची वर्गणी. मालकांनाही वाटा भरावा लागणार, म्हणून बदल्यात एक धार्मिक सुट्टी रद्द झाली. फक्त सॅक्सनी राज्याने ती ठेवली, आणि तिथले नोकरदार त्यापायी आजही जास्त वर्गणी भरतात. (सुट्टीसाठी पदरचे पैसे मोजणारी माणसं मला लगेच आवडली :) )

माझा प्रबंध मोजणीवर होता. मदत किती द्यायची ते तेव्हा मिनिटांवर ठरे. पहिल्या पायरीसाठी रोज किमान ९० मिनिटांची मदत लागायला हवी, त्यातली ४५ हून जास्त शरीराच्या निगेची. तपासनीसांकडे कोष्टक असे: तोंड धुणं १ ते २ मिनिटं, दात ५, केस विंचरणं १ ते ३. वाचून मी हसले होते. आमच्या आईचा अंबाडा कोणी तीन मिनिटांत घालून दाखवावा! पण स्मृतिभ्रंश झालेल्या बाईचे हातपाय धड असतात. केस ती स्वतः विंचरते, आणि दिवसातून दहा वेळा दार उघडून चालू लागते. तिच्यामागे धावणाऱ्या मुलीची मिनिटं कुठल्याच रकान्यात बसत नसत. हा मिनिटांचा हिशोब जायला २०१७ उजाडलं.

असो. त्या कायद्यातलं एक कलम मात्र मला कायम मोठं वाटत आलं. घरच्या माणसाचं करणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे बहुधा सून, मुलगी किंवा बायकोच्या नावाने हा विमा पेन्शनची वर्गणी भरतो. आता अट अशी की आठवड्यातून किमान २ दिवस मिळून १० तास ती हे काम करत असावी आणि बाहेरची नोकरी ३० तासांच्या आत असावी. रक्कम फार नाही, पण वर्षांची नोंद होते.

आमच्या साताऱ्याच्या घरी आई २०११ पासून नऊ वर्षं अंथरुणावर होती. वहिनीने बालवाडीतली नोकरी सोडली. आपल्याकडे २००७ चा कायदा आहे. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांकडून तो निर्वाहाचे पैसे मिळवून देतो. जी सांभाळते तिला काय, याबद्दल त्यात काही नाही.

मागच्या दिवाळीत वहिनीला ते जर्मन कलम सांगितलं. करंजीला मुरड घालता घालता ती म्हणाली, "म्हणजे माझी नऊ वर्षं नोकरीत धरली असती?"

"हो."

"मग मराठीत लिहा की ताई. तुमचं ते जर्मन इथे कोण वाचणार?"

दादा, तू हे वाचशीलच. वहिनीच्या नावावर दरमहा काही टाकायचं आपलं बोलणं अर्धवट राहिलंय. रविवारी फोन करते.