पिक्सेलचे हेलपाटे

फोटो धूसर करणारा फिल्टर वेगवान करायचा म्हटलं की प्रोग्रामर आधी गुणाकार मोजायला बसतो. त्याचा फायदा होतोच. 15×15 च्या गाउसियन फिल्टरला दर पिक्सेलमागे 225 गुणाकार लागतात. तेच काम आडवं आणि उभं अशा दोन फेऱ्यांत केलं की 30 पुरतात. पण साध्या प्रोसेसरवर गाडी बहुधा अडते ती मेमरीपाशी. 3×3 ची सरासरी घ्या. आडव्या फेरीत तीन पिक्सेलची बेरीज 765 पर्यंत जाते, एका बाइटात मावत नाही, म्हणून दोन बाइट घ्यावे लागतात. 4000×3000 च्या कृष्णधवल फोटोसाठी ही मधली बेरीज 24 मेगाबाइट भरते. ती सगळी लिहून उभ्या फेरीसाठी पुन्हा वाचायला घ्यावी, तोवर तिचा बराचसा भाग जवळच्या कॅशमधून हुसकला गेलेला असतो. खरं तर उभ्या बेरजेला एका वेळी तीनच ओळी हव्यात. त्यांचे 24 हजार बाइट 32 किलोबाइटच्या पहिल्या कॅशमध्येही बसतात. ओळ तयार झाली की लगेच वापरावी आणि सर्वांत जुन्या ओळीच्या जागी पुढची लिहावी. बेरजा तितक्याच राहतात, हेलपाटे वाचतात.

याच हिशोबानं काही वेळा तेच काम दोनदा करणंही परवडतं. फोटोचे चार आडवे पट्टे करून चार कोअरना वाटले, तर प्रत्येक सीमेवरच्या दोन ओळींची आडवी बेरीज दोन्हीकडे करावी लागते. 3000 ओळींमागे जादा ओळी फक्त सहा, आणि कुठल्याही कोअरला शेजाऱ्यासाठी थांबावं लागत नाही.

हे कंपायलर करील, असं कुणी म्हणेल. आतल्या लूपमध्ये एका सूचनेत अनेक पिक्सेल हाताळण्याचं काम तो पुष्कळदा करतो. दोन फेऱ्या एकमेकींत गुंफण्याचं मात्र सहसा करत नाही. मग जीपीयूच का नको? साखळीतले सगळे फिल्टर तिथेच चालणार असतील तर जरूर वापरावा. पण एका हलक्या फिल्टरसाठी फोटो वेगळ्या कार्डावर न्यायचा आणि परत आणायचा, तर वाचलेला वेळ वाहतुकीतच जातो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: असा कोड वाचवत नाही. त्यावर 2012 मध्ये मांडल्या गेलेल्या हॅलाइड भाषेनं चांगला तोडगा दिला. त्यात फिल्टरचं सूत्र वेगळं लिहितात आणि कामाचा क्रम वेगळा. क्रम बदलला तरी उत्तर तेच राहतं. तिच्या कर्त्यांनी दाखवलेल्या 3×3 च्या उदाहरणात सरळ लिहिलेल्या सी++ कोडपेक्षा नीट बसवलेला कोड चार कोअरवर दहापटीहून वेगवान ठरला. त्यात कोअर आणि रुंद सूचनांचा वाटा आहेच. पण डेटा वेळेवर पोचला नाही तर दोन्ही रिकामे बसतात. म्हणून गुणाकार छाटण्याआधी फोटो मेमरीतून किती वेळा आत-बाहेर होतो, ते मोजावं.