चित्राला हात न लावता

लग्नाच्या, मुंजीच्या, गावच्या हौशी नाटकाच्या डीव्हीडी घेऊन लोक येतात. म्हणतात, "आजीला ऐकू येत नाही हो आता, खाली मराठीत अक्षरं टाकून द्या." अक्षरं थेट चित्रावर छापून सगळं पुन्हा एन्कोड करणं सोपं असतं. मी ते करत नाही. डीव्हीडीवरचा एमपेग-२ व्हिडिओ आधीच बरंच काही गाळून दाबलेला असतो. तो दुसऱ्यांदा दाबला की रंगमंचावरच्या अंधाराचे चौकोन पडतात, शालूची जर बुजते. साडीला फॉल लावायचा म्हणून कुणी साडी पुन्हा विणायला घेत नाही.

तशी गरजही नसते. डीव्हीडीवरच्या व्हीओबी फाइलीत चित्र, आवाज आणि सबटायटल हे वेगवेगळे प्रवाह एकमेकांत गुंफलेले असतात. सबटायटलसाठी तर ३२ जागा आहेत. 'पीजीसीडीमक्स' या प्रोग्रॅमने प्रवाह सुटे करायचे, आपला सबटायटलचा नवा तयार करायचा आणि 'मक्समन' या दुसऱ्या प्रोग्रॅमने सगळे पुन्हा गुंफायचे. चित्र होतं तसंच राहतं. आवाज किती मिलिसेकंद मागेपुढे आहे ते मात्र सुटं करतानाच टिपून ठेवावं, नाहीतर ओठ एकीकडे आणि शब्द भलतीकडे.

माझा वेळ जातो तो अक्षरांत. डीव्हीडी प्लेअरला लिपी कळतच नाही. त्याच्या लेखी सबटायटल म्हणजे चित्र, तेही एका वेळी ४ रंगांचं, १६ रंगांच्या यादीतून निवडलेलं. ही यादी डिस्कवरच्याच आयएफओ नावाच्या फाइलीत असते. ती बरोबर गेली नाही की पांढरी अक्षरं हिरवी-जांभळी उमटतात. पण चित्र असण्याचा मराठीला फायदाच होतो. जोडाक्षरं, रफार, 'दुसऱ्या'मधला तो हट्टी र, सगळं संगणकावरच जुळून जातं, मग अगदी स्वस्तातल्या जुन्या प्लेअरलाही ते मोडता येत नाही.

शिरोरेषेचं दुखणं वेगळं. जुना टीव्ही ओळी एकाआड एक रंगवतो, त्यामुळे एकाच पिक्सेलची आडवी रेघ लुकलुकत राहते. रोमन लिपीचं यात फारसं बिघडत नाही. आपल्याकडे शब्दागणिक आडवी रेघ! म्हणून मी ठसठशीत फॉन्ट घेतो, शिरोरेषा निदान दोन पिक्सेल जाड ठेवतो. रुंद पडद्याच्या डिस्कवर ७२० बाय ५७६ची चौकट आडवी ताणली जाते, तेव्हा अक्षरं आधीच जरा चिंचोळी काढावी लागतात.

मजकूर दोन ओळींत बसवायचा असतो. नाटकातलं भांडण सगळं उतरवलं तर वाचणारा मागे पडतो. मी 'अहो, ऐकलंत का' गाळतो, शिव्या ठेवतो.

एक सांगणं आहे. घरी लिहिलेल्या डिस्क कायम टिकत नाहीत, त्यांच्यातला रंगाचा थर हळूहळू खराब होतो. कपाटात असतील त्या आजच जशाच्या तशा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. अक्षरं नंतर कधीही टाकता येतील.