लेकराच्या अंगाचं कापड

पहिलटकरणीला आठवा लागला की आमच्या लांजीतल्या घरांमध्ये पेट्या उघडतात. आजीचं सुती लुगडं, आजोबांचं धोतर, धुऊन धुऊन विरलेली एखादी चादर असं एकेक बाहेर येतं आणि खाटेवर पसरलं जातं. मग घरातल्या बाया ते गालाला लावून बघतात. हात इथे कामाचा नाही. रोवणी, निंदण, भांडी करून तळवे जाड झालेले असतात, त्यांना खरखर कळत नाही. गालाला जे टोचलं नाही ते बाळाचं. लुगड्याच्या पदराचा भाग बाजूला पडतो, कारण काठ जाड असतो. निऱ्यांचा मधला पट्टा तेवढा झबल्यांना आणि दुपट्यांना निघतो. धोतराचे लंगोट होतात.

आमचं गाव सीमेवरचं. आमगाव-सालेकशाकडच्या लेकी इकडे नांदतात, इकडच्या तिकडे. बाजारात मराठी, पोवारी, हिंदी, गोंडी एकाच दुकानासमोर बोलली जाते. पण जन्मलेल्या लेकराला आधी जुन्यात गुंडाळायचं आणि नवं अंगावर नंतर घालायचं, ही रीत भाषा कोणतीही असो, घराघरांत सापडते. यात केवळ काटकसर आहे असं मला कधीच वाटलं नाही. नव्या कापडाला गिरणीतली खळ असते, सुरकुती पडू नये म्हणून चढवलेली रसायनं असतात आणि धाग्यावर न मुरलेला सुटा रंग असतो. वर्षानुवर्षांच्या धुण्यात हे सगळं निघून जातं. उरतो तो निव्वळ कापूस. बाळाची कातडी मोठ्या माणसाहून पातळ, शिवाय जे हाती लागेल ते तोंडात घालून चोखायची त्याची सवय. अशा जिवाला शेकडो वेळा धुतलेलं कापड द्यावं, हे आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं.

मात्र या रीतीत एक धोका लपलेला आहे आणि तो मला जरा थांबून सांगायचा आहे. त्याच पेटीत डांबरगोळ्या असतात. पांढऱ्या, वासाच्या, कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या. त्यातलं नॅफ्थलीन कापडात मुरतं आणि श्वासातून, कातडीतून बाळाच्या अंगात जातं. काही लेकरांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. मुलींपेक्षा मुलग्यांत हे जास्त आढळतं, आणि मध्य भारतातल्या काही आदिवासी व इतर समाजांतही त्याचं प्रमाण अधिक आहे. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात, कावीळ भडकते आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. बाळाच्या रक्तात हे विकर कमी आहे की नाही, हे त्याच्याकडे बघून कोणालाच सांगता येत नाही. नॅफ्थलीन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे एकदा पिळून वाळत घातलं म्हणजे झालं असंही नाही. ज्या लुगड्याला डांबरगोळीचा वास आहे ते बाळासाठी फाडूच नये, कितीही मऊ असो, कितीही लाडक्या माणसाचं असो. बाळंतपण येऊ घातलेल्या घरात पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

जुनं संपलं की नव्याकडे वळावं लागतं. बाजारात पॉपलीन आहे, कॅम्ब्रिक आहे, मलमल आहे, मांजरपाट आहे, कटपीसचे ढीग आहेत. दुकानदार प्रत्येकाला ‘प्युअर कॉटन’ म्हणतो. त्याच्याशी वाद घालू नये. कडेचे दोनचार धागे मागून घ्यावेत, घरी आणून चिमट्यात धरावेत आणि काडी लावावी. सुती धागा कागदासारखा भरभर जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो, आणि मागे राखाडी, फुंकरीने उडणारी राख राहते. पॉलिस्टरचा धागा ज्योत जवळ येताच आधी आखडतो, मग वितळतो आणि टोकाला काळा, कडक मणी धरतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं: थोडी राख आणि त्या राखेत बोटाला लागणारा खडा. तो खडा बोटांत चुरडून पाहिला की टेरिकॉटबद्दल दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही.

कापसाचा धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. आकडे कोरडे वाटतात, पण लांजीचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला ते मानेवरच्या घामोळ्यांत दिसतात. पाळण्यातलं लेकरू कूस बदलू शकत नाही, पाठीखाली घाम साचतो. तो शोषणारं कापड हवं. पावसाळ्यात गोष्ट वेगळी. धानाच्या मुलखातला पाऊस, चारचार दिवस ऊन नाही, आणि लंगोट तर दिवसभर बदलायचेच. टॉवेलसारखं जाड कापड तेव्हा आंबतं, कुबट वास धरतं. मलमल पंख्याखाली वाळते. आमच्या हवेत मलमलीएवढं शहाणं कापड नाही, असं माझं ठाम मत आहे. खिडकीपुढे धरली की तिच्यातून उजेड गाळून येतो आणि आडव्या-उभ्या धाग्यांतली सूक्ष्म भोकं दिसतात; तीच भोकं वारा खेळू देतात.

हातमागाचं कापड आपल्याच जिल्ह्यात विणलं जातं, याचा मात्र आपल्याला विसर पडतो. वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या विणकराच्या मागावरचं साधं, काठ नसलेलं सुती कापड झबल्याला घेऊन बघावं. पहिल्या धुण्यात ते थोडं आटतं, म्हणून बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं. नंतर ते प्रत्येक धुण्यागणिक मऊ होत जातं.

थंडीत मन फ्लॅनेलकडे जातं. मऊ, केसाळ, ऊबदार. पण सुती फ्लॅनेलची ती लव ठिणगी पटकन पकडते आणि आमच्याकडे पौषात बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडी जवळ असते, ओव्याची धुरी असते. नायलॉनच्या जाळीचा झगा तर आणखी वाईट, तो वितळून कातडीला चिकटतो. वाढदिवसाला केक कापताना मेणबत्तीशी वाकलेली चिमुरडी आणि तिचा फुललेला जाळीचा झगा पाहिला की माझा जीव वर-खाली होतो. थंडीसाठी मलमलीची दोन झबली एकावर एक घालावीत, वर विणलेला स्वेटर घालावा, आणि शेगडीपासून बाळ हातभर नाही, चांगलं लांब ठेवावं.

कापड चांगलं घेतलं तरी शिवण्यात ते बिघडतं. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवावी, आतून सपाट. बारीक सुई, सुती दोरा. नायलॉनचा दोरा कापला की टोक काट्यागत उभं राहतं. बटणं, मोती, टिकल्या लेकराच्या घशात जातात, म्हणून कुशीला बांधायचे आखूड बंद बरे. गळ्याशी लांब नाडी कधीच नको. कशिदा काढला असेल तर मागच्या गाठींवर मलमलीचं अस्तर लावावं. हनुवटीखालची लेस तर काढूनच टाकावी; तिथे लाळ गळते, लेस ओली होते आणि लाल रेघ उमटते.

पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळं झबलं लागतंच. काळा रंग सुटतो, म्हणून ओल्या पांढऱ्या चिंधीने तो घासून बघावा. चिंधी काळी झाली तर ते कापड परत करावं. काही अझो रंग तुटून त्यांतून कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं निघतात. जर्मनीने १९९४ मध्ये असे रंग रोखले आणि भारताने १९९७ मध्ये ७० अझो रंगांवर बंदी घातली. कायदा आहे, पण वाटेवरच्या ढिगातलं कापड कुठे रंगवलं हे कोणी सांगत नाही. म्हणून काळ्या झबल्याला आतून पांढऱ्या मलमलीचं अस्तर द्यावं, हलव्याचे दागिने फोटोपुरते घालावेत आणि लगेच उतरवावेत.

कोणाकडे बारशाला निघाला असाल तर जरीचा, कडक खोक्यातला झगा नेऊ नका. चार मीटर पांढरी मलमल घ्या, दोनदा धुवा, उन्हात वाळवा आणि तशीच घडी करून द्या. बाळाची आई ती पहिल्याच दिवशी कापायला घेईल.