पेढे नंतर, डॉक्टर आधी

किटवर दोन रेषा दिसल्या? अभिनंदन! ‘तीन महिने कुणाला सांगू नकोस,’ असं घरातली मोठी माणसं म्हणतील. नातेवाइकांच्या बाबतीत ते पाळा; डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात जा. शेवटच्या पाळीपासून साधारण ६ आठवड्यांतच बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया घातला जातो. त्यामुळे कुणी तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा आलं, की मला हळहळ वाटते.

पाळीची तारीख लिहून ठेवा. फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्या. मधुमेह किंवा फिट्स असतील तर मात्रा डॉक्टरांना विचारा. आधीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, रक्तस्राव झाला किंवा भोवळ आली, तर मध्यरात्रीही हॉस्पिटल गाठा. गर्भ गर्भनलिकेत रुजलेला असू शकतो.