गंगाखेडास एक पावसाळी दिवस

मराठवाड्यांत गोदावरीस गोदावरी म्हणणारा मनुष्य बहुधा पाहुणा असतो. कांठचे लोक तिला गंगाच म्हणतात. आणि 'गंगेला पाणी आलें' असें कोणी म्हटलें, तर तें उत्तरेंतील भागीरथीस आलें असा समज आमच्याकडे लहान पोरही करून घेत नाहीं. परभणीच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर, या गंगेच्या उजव्या तीरावर गंगाखेड वसलें आहे. त्यास दक्षिण काशी म्हणण्याची वहिवाट आहे. हें नांव पैठणासही लावितात, आणखी पुष्कळ गांवांसही लावितात. परंतु अस्थिविसर्जनासाठीं येथें येणारीं माणसें पाहिलीं म्हणजे गंगाखेडापुरता तरी वाद घालण्याचें कारण उरत नाहीं.

यंदाच्या श्रावणांत आम्ही उभयतां तेथें गेलों तें अशाच कामासाठीं. आमच्या तीर्थरूपांच्या काळापासून घरांत एक मावशी होत्या. नात्यानें त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या. दळण, पाणी, भांडीं, पुढें आमचीं मुलें, शेवटीं मातुश्रींचें लांबलेलें दुखणें, हें सर्व त्यांच्या हातून गेलें. घरांतलें जातें जाऊन कोपऱ्यावर पिठाची गिरणी आली, तरी त्यांची पहाटेस उठण्याची संवय गेली नाहीं. त्यांस मागें-पुढें कोणी नव्हतें. जातांना एवढेंच सांगून ठेविलें होतें कीं, 'मला जनाबाईच्या गांवीं न्या.'

परळीकडे जाणारी सकाळची गाडी आम्हीं धरिली. पोखर्णीस नृसिंहाच्या दर्शनासाठीं बरीच मंडळी उतरली आणि डबा मोकळा झाला, तोंच पावसानें गांठलें. दोहों बाजूंस कपाशी आणि सोयाबीन, मधून मधून तूर; आणि खालीं ती आमची काळी जमीन, जी उन्हाळ्यांत हातभर फाटते व पावसाळ्यांत पायांतील जोडा काढून घेते. गाडी पुलावर आली तेव्हां नदी दोन्ही कांठ भरून वाहत होती. हा पूल ओलांडतांना आम्हांस नेहमीं एक गंमत वाटते. घरीं संकल्प सोडतांना आम्ही 'गोदावरीच्या उत्तर तीरीं' असें म्हणावयाचें. येथें पूल संपला कीं 'दक्षिण तीरीं' म्हणावयाचें. हें सौ.स सांगतांच ती म्हणाली, "म्हणजे अहो, देवाच्या दरबारीं आपला पत्ता बदलला म्हणावयाचा!"

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानें वार्ता दिली, "मास्तर, गंगा लई भरलीय. पायऱ्या दिसायच्या न्हाईत." त्यानें आम्हांस मास्तर कसें ओळखलें कोण जाणे; छत्री धरण्याची ढब असेल. पाऊस थोडा ओसरेपर्यंत आधीं जनाबाईचें दर्शन घ्यावें असें ठरलें.

जनाबाईचा जन्म गंगाखेडचा. बापाचें नांव दमा, आईचें करुंड. आई वारल्यावर बापानें लहानग्या पोरीस पंढरपुरास नेऊन दामाशेट शिंप्यांच्या घरीं ठेविलें, अशी कथा आहे. त्या घरीं १२७० सालीं नामदेव जन्मले असें मानितात. त्यांस खेळविण्यापासून घरांतील सर्व काम जनीकडे आलें. शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० हें दोघांच्याही समाधीचें वर्ष सांगतात. तिच्या नांवावर तीनशेंहून अधिक अभंग आहेत. तिचें जातें मात्र येथें नाहीं. तें पंढरपुराजवळ गोपाळपुरास दाखवितात. सारांश, या गांवाच्या वाट्यास जनीचीं पहिलीं कांहीं वर्षें तेवढीं आलीं, आणि त्या वर्षांची कोणी नोंद ठेविलेली नाहीं. तरीही शेगांवच्या गजानन महाराजांची पालखी पंढरीस जातांना परभणीवरून गंगाखेडास येते, आणि हजारों वारकरी या दासीच्या जन्मभूमीस माथा टेकून पुढें परळीची वाट धरितात.

देवळांत आमच्यावांचून तीन-चार बायका होत्या. पावसाचा आवाज एवढा कीं बोलणें ऐकूं येऊं नये. विठोबा जनीसवें दळावयास बसे ही कथा आम्हीं पाठशाळेंत ऐकिली, पुढें शाळेंत चाळीस वर्षें मुलांस सांगितली. सौ. बराच वेळ मूर्तीपुढें उभी राहून म्हणाली, "देव दळूं लागला हें खरें असेल. पण एवढ्या मोठ्या संतांच्या घरांतलें दुसरें कोणी जात्याशीं येऊन बसलें नाहीं, हेंही त्यांतच आलें कीं नाहीं?" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. एखाद्या पट्टीच्या पुराणिकास तरी सुचलें असतें असें वाटत नाहीं.

घाटाकडे आलों तों रिक्षावाल्याचें म्हणणें खरें ठरलें. खालच्या पायऱ्या पाण्यांत होत्या, आणि लाल पाणी लांकडें, जलपर्णी वाहून नेत होतें. या नदीची एक तऱ्हा आहे. आमच्याकडे पेरण्या खोळंबल्या असतांही ती फुगते, कारण तिचा उगम त्र्यंबकेश्वरीं आणि पाऊस नाशकाचा. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून तिचें येणें-जाणें पुष्कळसें त्याच्या २७ दरवाजांवर आहे. २००६ सालीं तें पाणी सुटलें तेव्हां गोदाकांठच्या गांवांत घरें बुडालीं. एरवीं उन्हाळ्यांत याच घाटावर डबक्यांत अस्थि सोडण्याची पाळी येते. दोन्ही आम्हीं पाहिलें आहे, आणि पुराचें भय असूनही भरलेली गंगाच बरी वाटते.

तीर्थोपाध्याय वयोवृद्ध होते. वरच्या पायरीवर छत्र्या धरून विधि चालला. त्यांनीं नांव विचारलें, तें सांगितलें. मग गोत्र विचारलें. ज्याचें गोत्र ठाऊक नाहीं त्याचें काश्यप म्हणावें, हा शास्त्राचा निर्णय आम्हांस ठाऊक आहे आणि गुरुजींनींही तोच सुचविला. सौ. हळूच म्हणाली, "अहो, साठ वर्षें आपल्या घरांत होत्या." गुरुजी आमच्या तोंडाकडे पाहूं लागले. महालयांत आपण गुरु, शिष्य, सखा, आप्त या सर्वांस तिलांजलि देतों. पण त्या प्रत्येकास ज्याच्या त्याच्या गोत्रानें, हेंही आम्ही जाणतों. आम्हीं आमचें गोत्र सांगितलें. गुरुजी क्षणभर थांबले, मग त्यांनीं तें स्पष्ट उच्चारिलें. मडकें सौ.नेंच सोडलें. प्रवाह इतका जोराचा होता कीं तें दिसलें न दिसलें तोंच गेलें.

त्यानंतर एका टपरीच्या पत्र्याखालीं बसून चहा आणि गरम भजीं घेतलीं. शेजारीं बसलेले शेतकरी सोयाबीन पिवळें पडतें कीं काय या काळजींत होते. याच तालुक्यांत गोदेच्या कांठीं धारासूर येथें गुप्तेश्वराचें शिल्पांनीं मढविलेलें जुनें देऊळ आहे. यादवांच्या काळचें समजतात. त्याच्या भिंतींवरील सुरसुंदरी सौ.स दाखवाव्या असें आमच्या मनांत होतें. परंतु वाटेवरच्या ओढ्यास पाणी आलें आहे असें त्या शेतकऱ्यांनीं सांगितलें. तेव्हां पाऊसकाळ सरल्यावर, कार्तिकांत पुन्हां यावें असें ठरवून आम्हीं परतीची गाडी धरिली. ती दोन तास उशिरानें आली.